नापासबाईंनी फोडलेली भिंत

एकसष्टाव्या वर्षी, एका शनिवारी सकाळी, भर रस्त्यात उभं राहून नापासबाईंनी स्वतःच्याच घराची नवी कोरी भिंत हातोड्यानं फोडली. भिंतीवर लावलेल्या करड्या दगडी फरशांना तीन आठवडेही झाले नव्हते. समोरचा इस्त्रीवाला इस्त्री तशीच उभी करून बाहेर आला. शाळेतून मुलांना आणायला निघालेल्या दोन बायका थबकल्या. कोणी म्हणालं, म्हातारीचं डोकं फिरलं. कोणी म्हणालं, भावाशी वाटणीवरून वाजलं असणार.

डोकं फिरलेलं नव्हतं आणि वाटणीचा तर विषयच नव्हता. पण ते समजायला थोडं मागं जावं लागेल.

बाई एकविसाव्या वर्षी नोकरीला लागल्या, त्या गॅसच्या शेगडीचे रेग्युलेटर बनवणाऱ्या कारखान्यात. तपासणी विभागात. काम दिसायला सोपं होतं. रेग्युलेटर नळीला जोडायचा, पाण्याच्या हौदात बुडवायचा, आत हवा सोडायची आणि बघत राहायचं. बुडबुडा आला नाही तर पास. एक जरी बुडबुडा आला तरी लाल शिक्का. बाकीच्या तपासनिसांना मोहरीएवढा बुडबुडा दिसायचा नाही, किंवा दिसूनही दिसायचा नाही. बाईंना दिसायचा. त्यांच्या टेबलाशेजारची परतीची टोपली दुपारपर्यंत भरायची, आणि माल खोक्यात भरणारी माणसं कपाळावर हात मारून घ्यायची. "आली नापासबाई!" हे नाव त्यांनीच पाडलं. ते पुढं गल्लीत आलं, घरात आलं. बाईंचं लग्न झालं नाही तेव्हा लोकांनी त्याचाही विनोद केला, की हिनं सगळी स्थळंच नापास केली असणार. खरं म्हणजे वडील नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेले होते आणि त्या नऊ वर्षांत बाईंना कोणी काही विचारायलाच आलं नाही. पण हे सांगत कोण बसणार? बाई विनोद ऐकून घेत आणि मनातल्या मनात एकेकाला लाल शिक्का मारत.

नोकरीच्या अकराव्या वर्षी एक गोष्ट घडली. महिनाअखेर होती, माल बाहेर पडायची घाई होती. चारशे नगांच्या एका खेपेत बाईंना एकोणीस ठिकाणी बुडबुडे दिसले. त्या साहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, "साहेब, ही खेप जाऊ नये." साहेब म्हणाले, "बघतो." बाई परत येऊन आपल्या हौदापाशी उभ्या राहिल्या. संध्याकाळी साहेबांनी स्वतःच्या सहीनं ती खेप रवाना केली.

चार महिन्यांनी दोन खोल्यांच्या एका घरात भडका उडाला. त्या घरातली बाई वाचली, पण तिचे दोन्ही हात कायमचे गेल्यातच जमा झाले. चौकशी बसली. चौकशी करणारा अधिकारी सभ्य माणूस होता. त्यानं विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं?"

"हो."

"कितीदा?"

"एकदा."

"मग?"

त्या 'मग'ला बाईंजवळ उत्तर नव्हतं. साहेबांची दुसऱ्या शाखेत बदली झाली. बाईंना कोणी बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून त्यांचा आवाज चढला तो चढलाच. कारखान्यात, दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, कुठंही काही चुकीचं दिसलं की त्या बोलत, आणि समोरच्यानं ऐकेपर्यंत बोलत. लोक म्हणत, बाई फार तापट. बाई म्हणत, असेन.

आता घराविषयी. रस्त्याच्या कोपऱ्यावरचं दुमजली घर बाईंच्या वडिलांनी बांधलेलं. वडील सुतार. पाण्याचा नळ रस्त्याच्या बाजूनं येत होता म्हणून स्वयंपाकघरही त्यांनी रस्त्याच्या बाजूलाच काढलं होतं. घरात पहिल्यांदा गॅस आला तेव्हा बाईंनी कारखान्यात शिकलेलं वडिलांना सांगितलं होतं, "हा गॅस हवेपेक्षा जड असतो, बाबा. गळला तर वर जात नाही. पाण्यासारखा जमिनीवर साठून राहतो." वडिलांनी मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी छिन्नी घेऊन बसले. बाहेरच्या भिंतीला, जमिनीलगत, वीतभर रुंदीचे दोन झरोके पाडले आणि त्यांना लोखंडी जाळी बसवली. वर छताजवळ आणखी एक काढला. दिसायला काही सुंदर नव्हते. पण चाळीस वर्षं त्या घराचं स्वयंपाकघर मोकळा श्वास घेत होतं.

वडिलांमागं घर दोघा भावंडांचं झालं. वरच्या खोलीत बाई, खाली धाकटा भाऊ, भावजय आणि कॉलेजात जाणारी पुतणी. भाऊ विमा कचेरीत साहेब होता. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत कसं दिसेल यावर त्याचा जीव फार. कचेरीतल्या एका सहकाऱ्यानं आपल्या जुन्या घराला बाहेरून नवा चेहरा दिला, ते बघून आल्यापासून ह्याला चैन पडेना. आपलंही घर बाहेरून नवं करायचं, स्वयंपाकघर नवं करायचं. एका जेवणात बेत ठरला आणि दुसऱ्या जेवणाला कंत्राटदार घरात हजर. हा कंत्राटदार प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईल" म्हणायचा. म्हणून पुतणीनं त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं.

बाईंना कोणी विचारलं नव्हतं. तरी त्यांनी दोनच गोष्टी सांगितल्या. एक, खालचे झरोके बुजवायचे नाहीत. दुसरी, ओटा उंच करायचा नाही. भावजय बुटकी आहे, तिचा खांदा आधीच दुखतो.

"होऊन जाईल, ताई," कंत्राटदार म्हणाला.

मग बाईंच्या जुन्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तिच्या घरी करणारं कोणी नव्हतं. बाई दहा दिवस तिकडं राहिल्या.

परत आल्या तेव्हा घर ओळखू येईना. जुना पिवळा रंग जाऊन जमिनीपासून छपरापर्यंत करड्या फरशा, कुठं एक रेघ वाकडी नाही. बाई रस्त्यात पिशवी खाली ठेवून क्षणभर बघत राहिल्या. चांगलं दिसत होतं. हे त्यांनी नंतरही कधी नाकारलं नाही. मग त्यांची नजर सवयीनं खाली, जमिनीलगत गेली.

झरोके नव्हते. एकही नव्हता. वरचासुद्धा.

आत गेल्या तर काळाभोर ओटा, भावजयीच्या छातीला लागेल एवढा उंच. पांढरी कपाटं. सिलिंडर कपाटात बंद. खोलीला सरकता काचेचा दरवाजा. शेगडीवर चकचकीत चिमणी होती, पण तिची नळी बाहेर कुठंच जात नव्हती. आतलीच हवा ओढायची आणि आतच सोडायची.

बाईंनी पिशवी कोपऱ्यात टाकली, वाटीत साबणाचा फेस केला आणि नव्या गॅसनळीच्या सांध्याला लावला. सगळे बघत होते. फेसाला एक फुगा आला, मोठा झाला, फुटला. दुसरा आला.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"एवढं असतंच, ताई," कंत्राटदार म्हणाला. "आवळलं की होऊन जाईल."

"एवढं असतंच?" बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "आणि माझे झरोके कुठं गेले? मी सांगितलं होतं की नाही?"

कंत्राटदारानं भावाकडं पाहिलं. भाऊ घसा साफ करत म्हणाला, "ताई, समोरच्या बाजूला भोकं कशी दिसतील? एवढी फरशी लावायची आणि तळाला जाळ्या? उंदराची बिळं वाटली असती."

"उंदीर तरी जगतात बिळात. इथं माणसं मरतील."

"तू प्रत्येक गोष्टीत मरणच कसं बघतेस गं?"

सांधा आवळला गेला. फेस लावल्यावर फुगा आला नाही. भावाच्या मते विषय मिटला. बाईंच्या मते तो सुरूच झाला नव्हता. पुढचे आठ दिवस त्या रोज सांगत राहिल्या. सकाळी चहाच्या वेळी सांगितलं, रात्री जेवताना सांगितलं. भाऊ बूट घालत असताना दारात गाठून सांगितलं. कंत्राटदाराला फोन केला. तो पहिल्या दिवशी "येतो" म्हणाला, दुसऱ्या दिवशी "माणूस पाठवतो" म्हणाला आणि तिसऱ्या दिवसापासून त्यानं फोन उचलणंच सोडलं. भावजय मान खाली घालून भांडी पुसत राहायची. हात वर करकरून तिचा खांदा सुजला होता, पण तिच्या तोंडून चकार शब्द नाही.

"रविवारी कचेरीतले लोक घर बघायला येतायत," भावानं शेवटी दम भरला. "तोवर तोंड बंद ठेव. नंतर बघू."

बघू. तो शब्द कानावर पडला आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "रविवारपर्यंत झरोके उघडले नाहीस," त्या म्हणाल्या, "तर मी उघडीन. माझ्या हातानं."

भाऊ हसला. बहीण तापट आहे हे त्याला ठाऊक होतं. ती बोलते तसं करते, हे त्याला ठाऊक असायला हवं होतं.

शनिवारी सकाळी भावजयीनं शेगडीवर दूध ठेवलं आणि कपडे वाळत घालायला ती मागच्या अंगणात गेली. काचेचा दरवाजा ओढून घ्यायची तिला सवय लावली होती, नाहीतर फोडणीचा वास बैठकीच्या नव्या पडद्यांना लागतो म्हणून भाऊ कुरकुरायचा. दूध उतू गेलं. ज्योत विझली. गॅस तसाच सुटत राहिला. खाली साठत राहिला. बाहेर जायला त्याला एकही वाट नव्हती.

बाई वरून चहाचा कप विसळायला खाली आल्या. काचेपलीकडं भावजय नुकतीच आत गेलेली दिसली. एका हातानं ओट्याला धरून ती उभी होती, डोकं गरगरल्यासारखी. दुसरा हात चिमणीच्या बटणाकडं चालला होता. वास आलाय, तर चिमणी लावावी, एवढंच तिच्या मनात. बाईंनी दरवाजा सरकवला आणि वास त्यांच्या नाकात शिरला.

"हात लावू नकोस!"

सदतीस वर्षं यंत्रांच्या खडखडाटात कमावलेला आवाज होता तो. भावजयीचा हात हवेतच थांबला.

"कशालाच हात लावू नकोस. बाहेर ये. ये आधी!" बाईंनी तिला दंडाला धरून ओढलं, आवाज ऐकून धावत आलेल्या पुतणीच्या अंगावर जवळजवळ ढकललं. "हिला अंगणात ने. आणि जिन्याखालचा मेन स्विच पाड. आतला एकही दिवा लावायचा नाही." मग त्या स्वतः आत गेल्या, श्वास रोखून शेगडीची कळ बंद केली, कपाट उघडून सिलिंडर बंद केला. घरातली होती नव्हती तेवढी दारं-खिडक्या उघडल्या. स्वयंपाकघराला मात्र खिडकी अशी एकच, तीही ओट्याच्या वर. जमिनीवर साठलेल्या गॅसला त्या खिडकीचा काय उपयोग? घरभर फिरून, पुढच्या दारानं तो हळूहळू गेला.

भाऊ आंघोळ करून बाहेर आला तेव्हा बाई पुढच्या पायरीवर बसल्या होत्या. मांडीवर वडिलांचा हातोडा आणि छिन्नी. नजर मनगटावरच्या घड्याळावर. भावाला वाटलं, शांत झाली बिचारी.

"काही झालं नाही ना? झालं तर मग," तो म्हणाला. "जरा लक्ष ठेवायला हवं, एवढंच."

दगडावर छिन्नी मारली की ठिणगी उडते. गॅस पुरता जाईपर्यंत त्या पाऊण तास तशाच बसून राहिल्या. राग धुमसत होता, पण घाई करायची नाही हे त्यांना कळत होतं. मग त्या आत जाऊन खाली वाकल्या, जमिनीजवळ नाक नेऊन वास घेतला, समाधान झाल्यावर बाहेर आल्या. दाराच्या चौकटीपासून अडीच हात मोजले, खडूनं खूण केली आणि पहिला घाव घातला.

"ताई! अगं काय करतेस? वेडी झालीस का?"

दुसरा घाव. फरशीला तडा गेला.

"लोक बघतायत!"

"बघू देत. त्यांच्याही घरी गॅस आहे."

"हे घर माझंही आहे!"

"आणि आत मरत होती ती तुझी बायको आहे!" बाईंनी हातोडा खाली केला आणि मागं वळल्या. चेहरा लाल, केसांत धूळ. "एक क्षण. एक क्षण मी उशिरा आले असते तर हिनं बटण दाबलं असतं. मग कुणाला दाखवला असतास घराचा नवा चेहरा? बोल ना!"

भावानं कंत्राटदाराला फोन लावला. बाईंचा फोन आठवडाभर न उचलणारा होऊनजाईल वीस मिनिटांत हजर झाला. फुटलेल्या फरशा बघून त्यानं हात झटकले. "ताई, आता ह्या कामाची हमी माझ्याकडं राहिली नाही."

"आधी कुठं होती?" बाई म्हणाल्या, आणि परत भिंतीकडं वळल्या.

वडिलांनी केलेल्या भोकात कंत्राटदाराच्या माणसांनी विटा आणि सिमेंट ठासून भरलं होतं. ते निघता निघेना. बाईंचा श्वास फुलला. आता उरलेलं उद्या, असं त्यांच्या मनात आलं, इतक्यात भिंतीच्या आतल्या बाजूनं आवाज यायला लागला. कपाटाची दारं उघडत होती. डबे खडखडत बाहेर निघत होते. फळीचे खिळे कोणीतरी उपसत होतं.

भावजय होती. आतून तिनं सगळं कपाट मोकळं केलं, मागची फळी ओढून काढली आणि बत्त्यानं विटांवर घाव घालायला सुरुवात केली. अर्ध्या तासानं मधली वीट आत पडली आणि दोघींची तोंडं एकमेकींना दिसली.

"मला चार दिवस डोकं जड वाटत होतं," भावजय आतून म्हणाली.

बाईंचा राग आता तिच्यावर उलटला. "मग बोलली का नाहीस? तोंडाला काय कुलूप होतं?"

"तुम्ही आठ दिवस बोलत होता," भावजय म्हणाली. "त्यानं काय झालं?"

मग दोघींनी दुसरा झरोका फोडायला घेतला.

रविवारी कचेरीतले लोक आलेच. त्यांना नको म्हणून सांगायला भावाला तोंड नव्हतं. तळाशी दोन ओबडधोबड भगदाडं, फुटक्या फरशांचा ढीग. "थोडं काम बाकी आहे," भाऊ कसनुसं हसत म्हणाला.

भावजय चहा घेऊन आली होती. पाहुण्यांसमोर ती आजवर कधी दोन शब्दांपलीकडं बोलली नव्हती. तिनं ट्रे खाली ठेवला. "काम बाकी नव्हतं," ती म्हणाली. "भोकं बुजवली होती. काल मी मरणार होते." आणि बिस्किटांची बशी पुढं केली.

त्यानंतर चाळीस दिवस भाऊ बहिणीशी बोलला नाही, बायकोशीही नाही. "तुझ्या आत्याला सांग, नळ नीट बंद कर." "तुझ्या आईला विचार, माझे मोजे कुठं आहेत." पुतणी निरोप पोचवून पोचवून वैतागली. बाईंनी तिकडं लक्ष दिलं नाही. त्यांनी स्वतः शोधून एक गवंडी आणला. त्यानं भगदाडांत हात घालून बघितलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे कुठल्या गाढवानं बुजवलं होतं?" बाईंना तो माणूस तिथंच पसंत पडला. त्यानं झरोक्यांना दगडी चौकट केली, जाळ्या बसवल्या, वरचा झरोका उघडला, चिमणीची नळी बाहेर काढली. भावजयीनं, एकदा तोंड उघडलंय तर उघडलंय म्हणून, ओटा चार बोटं खाली करून घेतला आणि काचेचा दरवाजा काढून मागच्या अंगणात उभा करून ठेवला. फरशा मात्र त्याच रंगाच्या मिळाल्या नाहीत. झरोक्यांभोवतीचा तुकडा जरा काळसर दिसतो तो दिसतोच. भाऊ तिथून जाताना मान दुसरीकडं वळवायचा.

मग एक दिवस पलीकडच्या गल्लीतला घड्याळवाला आला. त्यालाही घराला बाहेरून नव्या फरशा लावायच्या होत्या. भाऊ त्याला रस्त्यावर उभं करून एकेक दाखवत होता. बाई वर खिडकीत केस वाळवत बसल्या होत्या.

"आणि ह्या खाली जाळ्या कसल्या?" घड्याळवाल्यानं विचारलं.

"त्या होय," भाऊ म्हणाला. "गॅस जड असतो ना. खाली साठतो. कंत्राटदार बुजवा म्हणत होता, पण मी ऐकलं नाही. म्हटलं, दिसायला काहीही दिसो, हवा खेळती राहिलीच पाहिजे."

बाई ताडकन उठल्या. ओले केस तसेच पाठीवर टाकून धाडधाड जिना उतरल्या. खाली भावजयीनं त्यांना अडवलं. तीही ऐकत होती आणि हसू दाबून तिचे डोळे भरले होते. "राहू द्या ना ताई. निदान तो माणूस तरी घराला भोकं ठेवेल."

"ठेवू दे. पण खोटं बोलतोय तो!"

"बोलू देत."

"नाही बोलू देणार," बाई म्हणाल्या आणि बाहेर आल्या. त्यांना बघून भावाचं वाक्य अर्ध्यावर तुटलं. कान लाल झाले. "चहाचं बघतो," असं काहीतरी पुटपुटून तो आत गेला.

"त्याला काय विचारता?" बाईंनी घड्याळवाल्याला दरडावलं. "मला विचारा. खाली बसा. असं नाही, उकिडवे बसा, तेव्हा कळेल. तुमच्या स्वयंपाकघराची जमीन रस्त्याहून किती वर आहे? मोजली नाही? मग आलात कशाला?"

घड्याळवाला मुकाट्यानं खाली बसला आणि खिशात टेप शोधायला लागला.